वनडे सायकल शर्यतीत सरळ, सपाट रस्त्यावरही इतके सायकलपटू का पडतात?

कारण खरी मारामारी चढावर नाही, चढाच्या आधी होते. बेल्जियममधल्या 'टूर ऑफ फ्लँडर्स' या वनडे शर्यतीतला पॅटरबर्ग हा चढ घ्या. दगडी, अरुंद, खडा. मागे अडकलात आणि पुढचा एक जण थांबला की तुम्हालाही पाय टेकावा लागतो. शर्यत तिथेच गेली. म्हणून शंभरावर स्वार एकाच वेळी पहिल्या विसात घुसायला बघतात. त्यात समोरचा वारा टाळायला पुढच्याच्या चाकाला जवळजवळ चिकटून चालवायचं, म्हणजे ब्रेकला जागाच नाही. आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला घासलं की आपण पडतो, तो बहुतेक वेळा वाचतो!

याच शर्यतीत 2023 मध्ये फिलिप माचेयुक हा सायकलपटू कडेच्या पाण्या-चिखलातून पुढे जायला गेला, ताबा सुटून तिरका रस्त्यावर आला आणि घोळका धडाधड आडवा. त्याला शर्यतीतून बाद केलं.

याच शर्यतीतला 2017 चा प्रकार मात्र निव्वळ नशिबाचा. रस्त्यावरची दगडी फरसबंदी चुकवायला पीटर सागान अगदी कडेने चढत होता. प्रेक्षकाच्या कठड्यावर लटकणाऱ्या जॅकेटात त्याचं हँडल अडकलं, सोबतचे सायकलपटू व्हॅन अव्हरमाट आणि नासेनही पडले. तोवर एकटाच पुढे निघून गेलेला फिलिप जिल्बेर जिंकला.