पस्तिशीत अटॅक, मग गोठण्याच्या फॅक्टरची टेस्ट करायची का?

प्रश्न: डॉक्टर, चुलतभावाला ३६व्या वर्षी अटॅक आला, ना शुगर ना बीपी. आता घरचे म्हणून राहिले का सगळ्यांनीच रक्त गोठायच्या फॅक्टरची टेस्ट करा, अन् लॅबवाल्यानं भलंमोठं पॅकेज सांगितलं. मी ३३चा, खर्रा खातो, कधीमधी सिगरेट. करू का? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर: पॅकेज राहू द्या हो. अटॅकमध्ये धमनीतला चरबीचा थर फाटतो आणि त्यावर गुठळी बसते, म्हणजे गोठण्याचा संबंध आहेच, पण त्या पॅकेजमधलं फॅक्टर फाइव्ह लायडन, म्हणजे गोठण्याच्या पाचव्या फॅक्टरमधला जन्मजात जनुकीय बदल, जे १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन शहरात सापडलं, ते मुख्यतः शिरांमध्ये, पायात नाहीतर फुप्फुसात गुठळ्या करतं, हृदयाच्या धमन्यांशी त्याचं नातं कमजोरच, आणि युरोपियन लोकांच्या मानाने आपल्याकडे ते कमी आढळतं.

फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळी बांधणारं रक्तातलं प्रथिन, मात्र वेगळं. ते वाढलं की रक्त घट्ट होतं, आणि सिगरेटने ते वाढतं, प्लेटलेट्सही चिकट होतात. खर्ऱ्यातल्या निकोटीनने बीपी आणि ठोके वाढतात ते वेगळंच (सुपारीला दोष देऊन तंबाखूला सोडू नका!).

तुम्ही लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), बीपी आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) बघा, हे शेवटचं घराण्यातून येतं. भावाच्या अँजिओग्राफीत धमन्या स्वच्छ असतील किंवा आधी कुठे गुठळी झाली असेल, तर अँटिफॉस्फोलिपिडची (गुठळ्या करणाऱ्या अँटिबॉडीजची) टेस्ट त्याची करा, तीही रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत हे सांगून, नाहीतर रिपोर्ट चुकू शकतो.