छोट्या मोटरबोटीची नव्याने बांधणी करताना इंधनाची टाकी कोणती बसवावी: स्टीलची, अ‍ॅल्युमिनियमची की प्लास्टिकची?

आपण लिहिले आहे की, नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, वापरण्यासाठी आपण पैठणमध्ये १६ फुटी फायबरची जुनी बोट विकत घेतली आहे, तिला मागे ४० अश्वशक्तीचे पेट्रोलवर चालणारे आउटबोर्ड इंजिन आहे, फळ्यांखालची मूळची पत्र्याची टाकी गंजून चाळण झाली आहे, आणि वाळूजच्या एका फॅब्रिकेटरने ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची ८० लिटरची टाकी ‘आयुष्यभराची’ म्हणून बनवून देण्याची तयारी दाखवली आहे. स्टील घ्यावे, अ‍ॅल्युमिनियम घ्यावे की प्लास्टिक, एवढाच आपला प्रश्न आहे. मी नांदेडला राहतो आणि गेल्या काही वर्षांत अशा तीन बोटी उघडून पुन्हा बांधल्या आहेत. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, धातू कोणता हा प्रश्न दुसरा आहे. टाकी कोठे बसणार आणि ती पाहण्यासाठी, पुसण्यासाठी व बाहेर काढण्यासाठी हात पोहोचणार की नाही, हा पहिला. त्या कसोटीवर, आपल्या बोटीला फळ्यांखालची कायमची टाकी मुळात बसवूच नये, असे माझे उत्तर आहे. २५ लिटरच्या दोन सुट्या, खास इंधनासाठी बनवलेल्या प्लास्टिकच्या टाक्या आपल्याला पुरेशा होतील.

पुरेशा कशा, ते आधी पाहू. ४० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण वेगाने चालवले तर ते ताशी साधारण १४ ते १८ लिटर पेट्रोल पिते. त्यात जुने कार्ब्युरेटरवाले टू-स्ट्रोक इंजिन वरच्या आकड्याकडे आणि फोर-स्ट्रोक खालच्या आकड्याकडे झुकते. मात्र कोणीही दिवसभर पूर्ण वेगाने जात नाही, आणि मध्यम वेगाला हाच खर्च ताशी आठ-दहा लिटरवर येतो. नाथसागराची लांबी सुमारे ५५ किलोमीटर आहे. जाण्यासाठी एक तृतीयांश, परतण्यासाठी एक तृतीयांश आणि उरलेला तिसरा भाग वारा फिरला, वाट चुकली किंवा दुसऱ्या कोणाची होडी ओढून आणावी लागली तर राखीव, हा हिशोब जगभरचे बोटवाले पाळतात. त्या हिशोबाने ५० लिटरमध्ये राखीव साठा वगळूनही तीन ते चार तासांचे चालणे निघते. ८० लिटर पेट्रोलचे नुसते वजनच ६० किलोच्या आसपास भरते. एवढे वजन १६ फुटी बोटीत एका जागी कायमचे रोवले की बसणाऱ्यांना त्याच्या सोयीने बसावे लागते. सुटी टाकी मात्र बोटीचा तोल पाहून हातभर पुढे-मागे सरकवता येते.

दुसरे कारण पेट्रोलच्या स्वभावात आहे. आता पंपावर मिळणारे साधे पेट्रोल बहुतांशी ई२० असते, म्हणजे त्यात वीस टक्के इथेनॉल असते. त्यातला काही भाग आपल्याच मराठवाड्यातल्या उसाचा असेल, त्यामुळे त्याच्याशी वैर धरण्याचे कारण नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेते, हे बोटवाल्याने विसरू नये. थोडे पाणी ते स्वतःत विरघळवून ठेवते, मर्यादा ओलांडली की मात्र पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फुटून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. इंजिनाची शोषनळी नेमकी तिथेच असते. मोटारगाडीत पेट्रोल आठवड्या-दोन आठवड्यांत बदलते, म्हणून हे सहसा घडत नाही. आपल्याकडची बोट मात्र उन्हाळ्यात पाणी मागे हटले की चिखलापलीकडे ओढून ठेवली जाते आणि पुन्हा पाण्यात जाते ती पावसाळ्यानंतर. मधल्या चार-पाच महिन्यांत अर्धी भरलेली टाकी आपल्या वाफनळीतून श्वास घेत राहते: दुपारी तापून वाफ बाहेर टाकते, रात्री निवून हवा आत घेते, आणि जुलै-ऑगस्टच्या त्या हवेत ओल असते. फळ्यांखालची टाकी पूर्ण रिकामी करणे हा अर्ध्या दिवसाचा उद्योग असल्यामुळे तो कोणी करत नाही. सुटी टाकी असेल तर उरलेले पेट्रोल हंगाम संपताच मोटारसायकलमध्ये ओतून टाकता येते, फक्त त्यात टू-स्ट्रोकचे तेल मिसळलेले नसावे. आपले इंजिन टू-स्ट्रोक असेल आणि पेट्रोल व तेल यांचे प्रमाण पन्नासास एक असेल, तर २५ लिटरच्या टाकीला बरोबर अर्धा लिटर तेल लागते. ८० लिटरच्या टाकीत नेमके किती उरले आहे आणि आता किती तेल घालायचे, हा घोळही त्यामुळे मिटतो.

आता धातूंविषयी, कारण माझे वरचे म्हणणे आपल्याला पटले नाही तरी ही माहिती उपयोगी पडेल.

स्टेनलेस स्टील गंजत नाही, हा समज दुधाच्या टाक्यांवरून आलेला आहे. त्या टाक्या रोज धुतल्या जातात आणि त्यांना मोकळी हवा लागते. स्टेनलेसच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा जो अतिपातळ थर असतो तोच त्याचे रक्षण करतो, आणि तो टिकण्यासाठी ऑक्सिजन लागतो. टाकीच्या तळाशी साचलेल्या पाण्याखाली, जोडाच्या फटीत किंवा पट्टीखाली दबलेल्या ओल्या जागी तो मिळत नाही, मग तिथे बारीक छिद्र पडते. ३०४ मध्ये हा धोका वेल्डिंगच्या कडेला विशेष असतो. गोड्या पाण्यात क्षार कमी असल्यामुळे हे समुद्रापेक्षा पुष्कळ सावकाश घडेल, हे मान्य केले पाहिजे. तरीही ‘अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल’ या बोटबांधणीची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकांत पेट्रोलसाठी स्टेनलेसची टाकी फक्त नळकांडी आकाराची, फुगीर टोकांची आणि सुमारे ७५ लिटरहून लहान असेल तरच चालते, यावरून त्या क्षेत्रातील लोकांचा अनुभव काय असेल याची कल्पना येते. आपला फॅब्रिकेटर चौकोनी डबा बनवणार असेल, तर ‘आयुष्यभराची’ हा शब्द त्याने कोणाच्या आयुष्याबद्दल वापरला ते विचारून घ्यावे. झिंकचा मुलामा दिलेला पत्रा तर सोडूनच द्यावा.

अ‍ॅल्युमिनियम हा कायमच्या टाकीसाठी चांगला पर्याय आहे, पण भांड्यांचा किंवा खिडक्यांचा पत्रा चालत नाही. ५०५२ किंवा ५०८३ जातीचा, निदान अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा मागावा. या धातूची खोड मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. पहिल्या बोटीत मी अ‍ॅल्युमिनियमची टाकी बनवून घेतली, वेल्डिंग उत्तम होते, आणि ती खडखडू नये म्हणून तिच्याखाली गालिच्याच्या जुन्या पट्ट्या अंथरल्या. दोन पावसाळ्यांनंतर फळ्या उचलल्या तेव्हा पेट्रोलचा वास आला. टाकीचा वरचा भाग नवा कोरा होता, आणि खाली जिथे जिथे गालिचा टेकला होता तिथे पांढरी भुकटी व तिच्याखाली सुईच्या टोकाएवढी छिद्रे होती. ओला गालिचा हवा न लागू देता पत्र्याला चिकटून राहिला, एवढेच कारण होते. टाकी पाणी न शोषणाऱ्या निओप्रिन रबराच्या पट्ट्यांवर, पट्ट्या पत्र्याला सर्व बाजूंनी चिकटवून, आणि तिच्याभोवती व तळाखाली हवा खेळेल असे अंतर ठेवून बसवली असती, तर ती आजही चालली असती. पितळेचे जोड थेट अ‍ॅल्युमिनियममध्ये पिळू नयेत हेही तेव्हाच कळले, कारण दोन भिन्न धातूंमध्ये ओल आली की झीज अ‍ॅल्युमिनियमच्या वाट्याला येते. मध्ये स्टेनलेसचा तुकडा घालावा.

प्लास्टिकच्या, म्हणजे साच्यात फिरवून ओतलेल्या जाड पॉलिइथिलिनच्या टाकीला गंज माहीतच नसतो आणि तिला जोडही नसतो. तिची मुख्य अडचण अशी की, ती पेट्रोल शोषून पहिल्या काही महिन्यांत साधारण दोन टक्क्यांपर्यंत फुगते. एक मीटर लांबीची टाकी दोन सेंटिमीटर वाढली तर घट्ट चौकटीत ती स्वतः वाकते किंवा फळ्या उचलते, म्हणून चौकट सैल ठेवून पट्ट्यांनी बांधतात. शिवाय ती ठरावीक मापांतच मिळते, आपल्या बोटीच्या पोटाच्या आकाराची मिळत नाही. पाण्याचा ३५ लिटरचा कॅन किंवा निळे पिंप म्हणजे ही टाकी नव्हे, हे लिहिण्याची खरे तर गरज पडू नये. पण मी ते दोन्ही प्रकार पाण्यावर पाहिले आहेत. फायबरची जुनी टाकी असलेल्या बोटींबाबतही सावध राहावे, कारण इथेनॉल जुन्या रेझिनला मऊ करते आणि तो चिकट गाळ थेट कार्ब्युरेटरमध्ये जातो.

फॅब्रिकेटरकडूनच टाकी करून घ्यायची असेल, तर त्याला चार गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात, कारण तो सवयीने ट्रॅक्टरची टाकी बनवेल. ट्रॅक्टरच्या टाकीला तळाशी कॉक असतो. पेट्रोलच्या बोटीत तळाशी किंवा बाजूला एकही भोक नको, भरण्याची, शोषण्याची, वाफेची आणि मापकाची सर्व तोंडे माथ्यावरच हवीत. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नियमांतही हेच आहे, आणि त्याचे कारण सरळ आहे: नळी निसटली तरी टाकीतील पेट्रोल बोटीत सांडू नये. आत पेट्रोल उसळू नये म्हणून आडव्या पडद्या हव्यात, मात्र त्यांना खाली-वर कोपऱ्यांत मोकळ्या वाटा ठेवाव्यात. नाथसागर इतका रुंद आहे की जूनच्या वाऱ्यात तिथे चांगल्याच लाटा उठतात, आणि पडद्यांशिवायची अर्धी टाकी तेव्हा बोटीला ज्या बाजूने ती कलली त्याच बाजूला आणखी ढकलते. वाफनळीचा आतला व्यास १४ मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि तिचे तोंड बोटीबाहेर उघडावे. टाकी व भरण्याचे धातूचे तोंड तारेने जोडून अर्थिंग करावे.

ताब्यात घेताना टाकी पाण्याने पूर्ण भरावी, तिच्या तोंडाला पारदर्शक नळी लावून ती टाकीच्या माथ्यापासून दोन मीटर उंच धरावी आणि नळीही भरावी. दोन मीटर पाण्याचा दाब सुमारे तीन पीएसआय (चौरस इंचाला पौंड) होतो, आणि मानकांत चाचणीसाठी एवढाच दाब धरलेला आहे. अर्धा तास नळीतील पातळी हलली नाही तर जोड घट्ट आहेत. कंप्रेसरने हवा भरून ही परीक्षा करू देऊ नये, कारण हवेने फुगलेला डबा फुटतो तो बॉम्बसारखा. आणि आपली जुनी टाकी डागडुजीसाठी वेल्डरकडे नेण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. वर्षभर रिकाम्या पडलेल्या टाकीतही स्फोटापुरती वाफ शिल्लक असू शकते.

या वाफेमुळेच मी पेट्रोलबाबत फळ्यांखालच्या बंदिस्त जागेच्या विरोधात आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती बोटीच्या तळाशी उतरून तिथेच राहते, आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले की एक ठिणगी पुरते. समुद्रावरच्या मोठ्या बोटींत यासाठी पंखे बसवतात आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी ते चार मिनिटे चालवतात. सुटी टाकी उघड्यावर ठेवली की पंख्याचा प्रश्नच राहत नाही. ती पट्ट्याने बांधावी, वर सुती कापड किंवा ताडपत्रीची सावली करावी, आणि भरताना ती नेहमी बोटीबाहेर जमिनीवर ठेवून, पंपाचे नोझल तिच्या तोंडाला टेकवून भरावी. गळ्यापर्यंत भरू नये. आपल्याकडे मे महिन्यात सकाळ आणि दुपारच्या तापमानात टाकीपुरता पंचवीस अंशांचा फरक सहज पडतो, तेवढ्याने २५ लिटर पेट्रोल अर्ध्या लिटरहून अधिक फुगते आणि झाकणातून बाहेर येते. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि छत्रपती संभाजीनगर शहर तेच पाणी पिते, हे लक्षात घेता तो अर्धा लिटर केवळ आपला राहत नाही. त्याच कारणाने, बोटीवर खर्च करण्याआधी वन विभागाकडे यांत्रिक बोटीच्या परवानगीची चौकशी करावी. ‘इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट, २०२१’ खाली नोंदणीही लागते.

टाकी नवी घेऊन नळ्या जुन्या ठेवणे ही नेहमीची चूक आहे. हातपंपाचा रबरी बल्ब, नळी आणि दोन्ही टोकांचे जोड ई२० ला चालतील असे नवे घ्यावेत. कायमची टाकी असेल तर नळीवर ‘आयएसओ ७८४०’ हे मानक छापलेले पाहावे, कारण ती आगीतही काही काळ टिकते. सुट्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू चालताना उघडा आणि ने-आण करताना बंद असावा. इंजिन दहा मिनिटे चालून मरते आणि बल्ब चपटा दिसतो, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांचा हा स्क्रूच बंद असतो.

फळ्यांखालची रिकामी झालेली जागा वाया जात नाही. तिथे पाणी न शोषणारे, बंद कप्प्यांच्या फोमचे ठोकळे बसवावेत आणि त्यांच्याखालून पाणी मागे वाहून जाण्याची वाट ठेवावी. ८० लिटर जागेतला फोम बोट पाण्याने भरली तरी तिला जवळपास ८० किलो वर उचलून धरतो.