अमेरिकेतील करिश्माई ख्रिस्ती प्रार्थना-नेत्यांचा रिपब्लिकन राजकारणावर खरोखर प्रभाव आहे, की माध्यमांनी तो फुगवला आहे?

प्रभाव आहे, आणि तो केवळ मतांचे आकडे पाहून समजत नाही. करिश्माई म्हणजे भविष्यवाणीसारखी दाने पवित्र आत्म्याकडून आजही मिळतात, असे मानणारे ख्रिस्ती. मी अनेक वर्षे ह्यूस्टनमध्ये राहतो आणि अशाच प्रार्थनासभांत वाढलो आहे, म्हणून स्वतः पाहिलेले सांगतो.

6 ऑगस्ट 2011 रोजी टेक्सासचे तेव्हाचे गव्हर्नर रिक पेरी यांनी उपास-प्रार्थनेची हाक दिली, तेव्हा मी आणि माझे दाजी रिलायंट स्टेडियममध्ये गेलो. सुमारे 30,000 माणसे होती. खुर्च्यांमधल्या अरुंद जागेत माणसे गुडघे टेकून रडत होती, कोणी अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने निघतात असे मानलेल्या अनोळखी शब्दांत, बोलत होते. शेजारच्या एका अनोळखी आजींनी माझा हात धरला, मुलांची नावे विचारली आणि ती नावे घेऊन प्रार्थना केली. त्या वेळी मलाही रडू आले. पेरींनी बायबलमधील योएलाच्या पुस्तकातला उतारा वाचला आणि देवाचा हेतू राजकीय नसतो, असे सांगितले. बरोबर एका आठवड्याने त्यांनी अध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली. दाजी म्हणाले, “प्रार्थना करणाऱ्याने निवडणूक लढवू नये, असे कुठे लिहिले आहे?” लढवावी, पण मी मुलांसाठी गुडघे टेकले, ती जागा कोणाच्या प्रचाराची पायरी ठरणार आहे, हे मला आधी कळायला हवे होते. हा वाद आमच्यात आजही मिटलेला नाही.

पेरी जानेवारी 2012 मध्येच शर्यतीतून बाहेर पडले, पण ही रीत टिकली. 2016 मध्ये करिश्माई वक्ते लान्स वॉलनाऊ यांनी ट्रम्प यांना बायबलमधील पारसाच्या (इराणच्या) कोरेश राजाची उपमा दिली. कोरेश यहोवाला (देवाला) ओळखत नसतानाही त्याचा अभिषिक्त, म्हणजे निवडलेला, होता, हे बायबलच्या यशया 45 मध्ये आहे. त्यामुळे उमेदवाराचे आचरण तपासण्याची गरजच संपली. करिश्माई पाळक पॉला व्हाइट यांनी ट्रम्प यांच्या 2017 च्या शपथविधीत प्रार्थना केली. एखादा उमेदवार देवाने निवडला आहे, असे भविष्यवाणीने एकदा ठरले की त्याला मत न देणारा विश्वासणारा वेगळ्या मताचा राहत नाही, तो आज्ञाभंग करणारा ठरतो. हाच खरा प्रभाव आहे.

मला हे अधिक लागते, कारण दुष्काळात अनाथ झालेली माझी पणजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील संजीवनाच्या (पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणारी, चळवळ जगभर पसरवणाऱ्या धार्मिक जागृतीच्या) आदल्या वर्षी, 1905 मध्ये, पंडिता रमाबाईंच्या त्या मुली तासन्‌तास प्रार्थना करत होत्या. त्या प्रार्थनेतून कोणालाही सत्ता मिळायची नव्हती.

सगळे नेते सारखे नाहीत, हेही नमूद करतो. 2020 मध्ये ट्रम्प जिंकतील ही भविष्यवाणी चुकल्यावर ती करणारे जेरेमाया जॉन्सन यांनी जाहीर क्षमा मागितली, आणि कृष्णवर्णीयांच्या अनेक पेंटेकॉस्टल मंडळ्या या वाटेने गेल्याच नाहीत. तुम्हाला प्रभाव मोजायचाच असेल, तर व्यासपीठापेक्षा एखाद्या मंडळीच्या साप्ताहिक प्रार्थना-विनंत्यांची यादी वाचा. दाजी हे वाचतील, तर त्यांना माझा एकच प्रश्न आहे: नोव्हेंबर 2020 मध्ये आपल्या मंडळीच्या यादीत पेनसिल्व्हेनियाची मतमोजणी पहिली आणि तुमच्या आईंचे ऑपरेशन नववे का होते?