पाम टीएक्समधले नंबर अँड्रॉइड फोनवर कसे न्यायचे?

लातूरच्या मोंढ्यातल्या तुमच्या आडतीचे नंबर पाम टीएक्समध्ये (हातात मावणारा जुना छोटा संगणक) आहेत आणि ते अँड्रॉइड फोनवर नेता येतील का, असं तुम्ही विचारलंत. हो, सगळे नेता येतात, एकही हाताने टाइप करावा लागत नाही. नांदेडला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे हे काम मी करून दिलेलं आहे. आधी संगणकावर पाम डेस्कटॉप हा पामचा प्रोग्रॅम टाकून हॉटसिंक करा, म्हणजे पाममधल्या नोंदी संगणकावर उतरवून घ्या. विंडोज ६४-बिट असेल तर केबलवर वेळ घालवू नका, तिथे पामची यूएसबी चालत नाही. ब्लूटूथने किंवा जुन्या ३२-बिट संगणकावर करा. मग पाम डेस्कटॉपमध्ये सगळे संपर्क निवडून व्हीकार्ड (संपर्क साठवायचा फाइलचा प्रकार) म्हणून एक्स्पोर्ट करा. ती .व्हीसीएफ फाइल फोनच्या कॉन्टॅक्ट्समध्ये इम्पोर्ट केली की झालं.

टीएक्स २००५चं मॉडेल आहे, त्याची मेमरी फ्लॅश आहे, म्हणून बॅटरी उतरली तरी नोंदी राहतात. एम५०५सारख्या जुन्या पामचं तसं नाही; तिथे बॅटरी पूर्ण संपली की सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी चार्जिंगला लावा.

फक्त एक लक्षात घ्या: पामवरचे प्रोग्रॅम, म्हणजे हिशेबाचं वगैरे काही टाकलेलं असेल तर ते अँड्रॉइडवर थेट चालणार नाही. आणि लातूरमधले लँडलाइन नंबर नुसते सहा आकडी लिहिलेले असतील तर त्यांच्या आधी ०२३८२ हा लातूरचा एसटीडी कोड लावून घ्या, नाहीतर मोबाइलवरून लागणार नाहीत.