आवाज येतोय, चित्र कुठंय?

प्रश्न: भाऊ, घरी जुना कॉम्प्युटर हाय, विंडोज ७ वाला. क्रोममधी लाईव्ह कीर्तन लावलं की आवाज यायलाय पण पडदा काळाच, आई म्हणती मग रेडिओ काय वाईट होता! मोबाईलवर त्याच वायफायला झकास चालतंय. काय करू?
– एक वाचक, उदगीर

उत्तर: मोबाईलवर चालतंय म्हणजे नेटला शिव्या देऊ नका, लोचा कॉम्प्युटरातच हाय. आवाज येतोय अन् चित्र काळं, म्हणलं की माझा पहिला संशय हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनवर, म्हणजे व्हिडिओ उलगडायचं काम ब्राउझर ग्राफिक्स कार्डाकडं ढकलतो आणि ते कार्ड चालवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरला, म्हणजे ड्रायव्हरला, ते झेपत नाही, तर क्रोमच्या सेटिंग्जमधी 'सिस्टीम'मधी जाऊन हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करा अन् क्रोम बंद करून परत चालू करा, बऱ्याचदा तेवढ्यावरच भागतं. नाही भागलं तर इन्कॉग्निटोत, म्हणजे क्रोमच्या खासगी खिडकीत, लावून बघा. तिथं चाललं तर एखादं एक्स्टेन्शन, म्हणजे क्रोमला वरून जोडलेलं जादा सॉफ्टवेअर, आडवं येतंय, एकेक बंद करत जा.

खरं सांगू का, विंडोज ७ वर क्रोमचं १०९ हेच शेवटचं व्हर्जन, २०२३ पासून पुढचं येतच नाही, त्यामुळं आज जुगाड जमला तरी मशीन झेपत असंल तर विंडोज बदलूनच घ्या. तोवर आईला मोबाईल द्या.