फरशीत बाटल्यांच्या पट्ट्या: गोळे का होतात?

प्रश्न: थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्यांच्या पट्ट्या कापून अंगणाच्या काँक्रीट फरशीत घातल्या. मिश्रणात गोळे झाले आणि काही फरशा दुसऱ्या दिवशीही मऊच होत्या. काय चुकलं? वाळूऐवजी फुटक्या काचेचा चुरा चालेल का?

उत्तर: फरशा मऊ राहिल्या त्याला बहुधा बाटल्यांतली साखर कारण असावी. साखरेचा अंशही सिमेंटचं घट्ट होणं लांबवतो. म्हणून बाटल्या कापण्याआधी गरम पाण्याने धुवा आणि लेबलं, डिंक काढून टाका. चकचकीत अस्तराची वेष्टनं तर मुळीच घालू नका, कारण त्यातलं ॲल्युमिनियम ओल्या सिमेंटमध्ये हायड्रोजन सोडतं आणि फरशी आतून पोकळ होते.

गोळे होतात ते पट्ट्या फार लांब, फार जास्त किंवा एकदम ओतल्या म्हणून. खडी १० मिमीची असेल तर पट्टी ३० मिमी लांब आणि २ मिमी रुंद पुरे. प्रमाण आकारमानाच्या अर्धा टक्का, म्हणजे ५० लिटर मालाला बाटलीच्या पट्ट्या सुमारे ३४५ ग्रॅम. आधी सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी एकजीव करा, मग मिक्सर फिरत असताना पट्ट्या भुरभुरत सोडा आणि आणखी तीन-चार मिनिटं फिरवा. माल घट्ट वाटेल, पण पाणी वाढवू नका. ताकद तिथेच जाते. त्याऐवजी सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, वापरा.

गुळगुळीत पट्टी सिमेंटमधून सहज निसटते, म्हणून ती सॅंडपेपरवर घासून खरखरीत करा.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. सिमेंटमधल्या अल्कलीने (क्षाराने) बाटलीचं पीईटी प्लास्टिक वर्षागणिक कमजोर होतं, ओलाव्यात जास्तच. सिमेंटच्या रिकाम्या विणलेल्या पोत्यांचं पॉलिप्रोपिलीन प्लास्टिक तिथे टिकतं. अंगणासाठी आम्ही तेच घेऊ, ५० लिटरला सुमारे २३० ग्रॅम. पट्ट्या कोणत्याही असोत, त्या तडे पसरू देत नाहीत एवढंच. स्लॅब किंवा तुळईतल्या सळईची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

काचेचा जाड चुरा अंगणात नकोच. ओलाव्यात काचेतली सिलिका आणि सिमेंटमधली अल्कली यांच्यापासून फुगणारा जेल बनतो आणि काही काळाने फरशीवर जाळीसारखे तडे उमटतात. तीच काच ७५ मायक्रॉनपेक्षा (०.०७५ मिमी) बारीक दळली, तर उलट सिमेंटसारखी उपयोगी पडते. दहा टक्के सिमेंटच्या जागी घालून पाहा. दळताना मास्क लावा. आणि अशा फरशा सात दिवसांत वापरात घेऊ नका, किमान १४ दिवस ओल्या ठेवा, कारण काचेची पूड ताकद सावकाश धरते.