भट्टी बंद केली तरी उष्णता उरतेच

प्रश्न : तारापूरचे अणुवीज केंद्र आमच्या घरापासून फार दूर नाही. युरेनियमपासून वीज होते म्हणजे नेमके काय होते? धोका दिसताच भट्टी बंद करता येत असेल, तर लोक एवढे का घाबरतात? आणि कोळशापेक्षा ही वीज खरोखर चांगली आहे का?
– एक वाचक, बोईसर

उत्तर : पाण्याची वाफ करून टर्बाइन फिरवायचे आणि त्याला जोडलेल्या जनित्रातून वीज घ्यायची, ही रीत कोळशाच्या केंद्रात असते तीच येथेही आहे, फरक आहे तो उष्णता कोठून येते यात. युरेनियम-२३५च्या अणुकेंद्रकावर न्यूट्रॉन आदळला की ते दुभंगते, उष्णता बाहेर पडते आणि सुटलेले दोन-तीन न्यूट्रॉन पुढची केंद्रके फोडत जातात. न्यूट्रॉनचा वेग कमी केल्याशिवाय ही साखळी टिकत नाही. तारापूरच्या प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या तिसऱ्या व चौथ्या संचांत त्यासाठी जड पाणी (जड हायड्रोजनचे पाणी, जे न्यूट्रॉन फारसे शोषत नाही) वापरले आहे, म्हणून तेथे नैसर्गिक युरेनियम चालते, ज्यात युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असते. १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन संचांत साधे पाणी असल्याने समृद्ध युरेनियम, म्हणजे युरेनियम-२३५चे प्रमाण वाढवलेले, लागते, आणि १९७४च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतल्यावर ते इतर देशांकडून मिळवावे लागले. इंधनासाठी असे परक्यांच्या तोंडाकडे पाहावे लागणे, हा तोटाच म्हटला पाहिजे.

अशा इंधनाचा अणुबॉम्बसारखा स्फोट होऊ शकत नाही. काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टीची. न्यूट्रॉन शोषणाऱ्या कांड्या आत सोडल्या की साखळी काही सेकंदांत तुटते. परंतु दुभंगलेल्या केंद्रकांचे इंधनात साठलेले तुकडे स्वतःच किरणोत्सारी असल्याने ते उष्णता देतच राहतात. भट्टी बंद केल्याक्षणी ही उष्णता भट्टीच्या पूर्ण उष्णता-क्षमतेच्या (जी विजेच्या क्षमतेच्या सुमारे तिप्पट असते) सहा-सात टक्के, म्हणजे तारापूरच्या मोठ्या संचात १०० मेगावॉटहून अधिक असते. ती झपाट्याने उतरते हे खरे, तरीही पुढे कित्येक दिवस इंधनाभोवती पाणी फिरते ठेवावेच लागते. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमा येथे भूकंप होताच चालू भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या होत्या. त्यानंतर आलेल्या त्सुनामीने डिझेल जनित्रे निकामी केली, इंधन थंड ठेवणे अशक्य झाले आणि तीन भट्ट्यांतील इंधन वितळले. त्यामुळे भट्टी किती लवकर बंद होते यापेक्षा, बाहेरची वीज गेल्यावर पंप कशावर आणि किती वेळ चालतील, हे आपण केंद्राला विचारावे. तो आपला हक्क आहे.

कोळशाच्या तुलनेत मात्र मी अणुविजेच्या बाजूने आहे. कोळशाची राख आणि धूर म्हणजे काय, हे चंद्रपूरच्या रहिवाशांना सांगावे लागत नाही. अणुभट्टी धूर सोडत नाही, आणि ऊन-वारा असो वा नसो, रात्रंदिवस वीज देते. उभारणीचा खर्च प्रचंड असतो आणि जागाही कोणाची तरी जाते. तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण येथील कुटुंबांना आपली गावे सोडावी लागली, आणि अशांचे पुनर्वसन हा प्रकल्पाच्या खर्चाचाच भाग मानला गेला पाहिजे.

राहिला कचऱ्याचा प्रश्न. वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करून उरणारा तीव्र किरणोत्सारी द्रव काचेत बंदिस्त करण्याचे तंत्र तारापुरातच वापरले जाते, आणि या कचऱ्याचे आकारमान कोळशाच्या राखेपुढे अगदीच थोडे असते. परंतु तो हजारो वर्षे सांभाळायचा आहे, आणि त्यासाठी जमिनीत खोलवर कायमस्वरूपी साठवण आपल्या देशात अद्याप उभी राहिलेली नाही.